रतनबाईकडची परात

महेंद्र ओहोळला कागदांची भीती अशी कधी वाटली नव्हती. भिंगारला लष्कराच्या भांडारात त्याची नोकरी. तिथं साधा खिळा बाहेर द्यायचा म्हटला तरी मागणीपत्र, मंजुरी आणि वर साहेबाची सही लागायची. हे सगळं तो डोळे मिटून करायचा. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं लोक म्हणत, तेव्हा तो हसून म्हणायचा, "कागद नीट असला की सरकार थांबवत नाही." हे वाक्य पुढं त्याचं त्यालाच गिळावं लागलं.

झालं असं की त्याची थोरली जयमाला बारावीला असे मार्क पाडून आली की सगळी गल्ली पेढे मागायला दारात. मेडिकलच्या यादीत तिचं नाव लागलं. कॉलेजनं कळवलं की जातीचा दाखला महिनाअखेर हातात पडला पाहिजे, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्याला जाईल. महेंद्र म्हणाला, त्यात काय, आणतो. शाळेचा दाखला खिशात घालून तो तालुक्याच्या कचेरीत गेला.

आता महेंद्रचा शाळेचा दाखला कसा होता, ते सांगायला हवं. त्याच्यावर जातीच्या रकान्यात ठळक अक्षरात एकच शब्द होता: बौद्ध. त्याचे वडील बन्सी नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्यानंतर काही वर्षांनी पोराला शाळेत घालायला गेले. मास्तरांनी विचारलं, "आधीची जात काय लिहू?" बन्सी म्हणाले, "आधीचं काय बी न्हाई. हितून सुरू हुतंय." मास्तर भला माणूस, त्यानं तसंच लिहिलं. महेंद्रला त्या ओळीचा जन्मभर अभिमान होता. भांडारात तो मजूर म्हणून लागला आणि कष्टानं वर चढला, त्यामुळं दाखल्याची वेळच आली नव्हती.

आणि सरकारला नेमकं ते आधीचं हवं होतं. पन्नास सालाच्या आधी हे घराणं कुठल्या गावचं आणि कुठल्या जातीचं, याचा पुरावा. सवलत बौद्धांना आहे, पण आधीची जात सिद्ध केली तर.

पुरावा पळसवंडीत असणार, असं महेंद्रनं धरलं. पळसवंडी म्हणजे ओहोळांचं मूळ गाव, सुप्यापासून आत, माळरानावरचं. रजा टाकून तो गेला. तिथं कळलं की जुनी गावचावडी कधीच जळाली, आणि तिच्याबरोबर जन्ममृत्यूच्या नोंदी, वतनाचे कागद, सगळं धुराड्यातून गेलं. नक्कल वरच्या कचेरीत असते, म्हणून तो वरच्या कचेरीत गेला. तिथल्या शिपायानं त्याला गठ्ठा दाखवला. छताच्या गळतीनं पानं एकमेकांना चिकटून त्याची सलग वडी झाली होती, आणि मधून वाळवीनं आपली वाट काढली होती. महेंद्रनं बोटानं एक कड उचलली, तर तिचा भुगा हातात आला. शिपाई म्हणाला, "तुम्ही काय पहिले नाही, साहेब. रडून गेलीत माणसं इथून."

उरली शाळा. पण बन्सीच्या लहानपणी गावची शाळा देवळात भरायची, आणि यांची पोरं पायरीखाली उन्हात बसून आतलं ऐकायची. ऐकू दिलं, एवढीच मेहेरबानी. हजेरीत नाव कोण घालणार? बन्सीला अक्षरओळख होती, पण तो शाळेत होता असं सांगणारा एक चिटोरा नव्हता. बाहेर बसवल्याचा हा हिशेब इतक्या वर्षांनी नातीच्या नावावर निघाला, हे महेंद्रच्या मनात आलं आणि त्याच्या तोंडाची चव गेली.

कचेरीत दाखल्यांचं काम नीलांबरी देशपांडे नावाच्या बाई बघत. महेंद्र त्यांच्यासमोर बसला, तेव्हा त्याला वाटलं होतं, आता नियम ऐकवतील. बाईंनी नियम ऐकवला, पण आधी पाणी मागवलं.

"ओहोळ, तुम्ही खोटं सांगताय असं मला अजिबात वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण माझ्या वाटण्यावर दाखला निघत नाही. मला काहीतरी जुनं दाखवा. कागदच पाहिजे असंही नाही. तुमच्या आजोबांचं किंवा वडिलांचं नाव हवं, गाव हवं, वस्ती हवी, आणि ते पन्नासच्या आधीचं हवं. दगडावर असलं तरी मी बघायला येईन."

"दगडावर आमची नावं कोण कोरतंय, बाई?" महेंद्र म्हणाला. त्याला रागावायचं नव्हतं, पण आवाज चढला.

बाईंनी फाईल बंद केली नाही, बाजूला उघडीच ठेवली. तेवढ्यावरही महेंद्रला बरं वाटलं.

घरी आला तर शुभांगी, त्याची बायको, दारातच उभी. त्याच्या चेहऱ्यावरूनच ती काय ते समजली. दुसऱ्या एखाद्या घरात अशा वेळी देव पाण्यात घालून बसले असते. पण ओहोळांचे देव छप्पन सालीच पळसवंडीच्या विहिरीत गेले होते, आणि त्यांना वर काढायचा कोणाचा विचार नव्हता. जयमाला अभ्यासाच्या टेबलाशी बसली होती. समोर पुस्तक नव्हतं.

मागच्या मोरीत त्याची आई आक्काबाई चिंच लावून पितळी घागर घासत होती. आक्काबाई सत्तरीची, अंगानं काटकुळी, जिभेनं नव्हे. घरात स्टील येऊन कैक वर्षं झाली, पण लग्नातली भांडी तिनं मोडीत जाऊ दिली नव्हती. घागर, तपेलं, दोन तांबे. दर पौर्णिमेला त्यांना अंघोळ.

महेंद्र तिथंच पाटावर बसला. घागर उन्हाला धरली होती आणि तिच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेली ओळ चमकत होती. आपल्याकडं भांड्यावर नाव घालतातच. महेंद्रनं ही ओळ लहानपणापासून पाहिली होती, म्हणून कधी वाचली नव्हती. आज त्यानं वाचली. "बन्सी रामा ओहोळ याचे लग्नात," मग घासून खोलगट झालेली रिकामी जागा, मग "मौजे पळसवंडी, सन १९४१."

तो ताडकन उठला. "आये! हे काय होतं? ही मधली जागा?"

"तिथं वस्ती हुती," आक्काबाई घागर घासणं न थांबवता म्हणाली. "महारवाडा. कासारानं घातलं हुतं. तुझ्या आज्यानं सांगितलंबी नव्हतं. कासार म्हनला, नुसतं नाव घातलं अन् तुमची भांडी आमच्यात मिसळली म्हंजी? म्हनून समद्या भांड्यांवर घातलं."

"मग गेलं कुठं?"

"कुटं जातंय? तुज्या बापानं काढलं. नागपूरवरनं आला, देव हिरीत टाकलं, अन् दुसऱ्या दिशी कानस घिऊन बसला वट्यावर. येक येक भांडं मांडीवर घ्यायचा अन् तेवढाच सबूद घासायचा. नाव ठिवलं, गाव ठिवलं. समदी वस्ती भांडी घिऊन आली. सांजपतूर कानशीचा आवाज चालू हुता, बग. पितळंचा भुगा पडला हुता वट्यावर, अन् तुजा बाप हसत हुता. तसा हसताना म्या त्याला परत कदी बगितला न्हाई."

महेंद्र खाली बसला. बापाचा त्याला राग आला नाही, येणंच शक्य नव्हतं. बापाच्या जागी तो असता, तर त्यानंही हेच केलं असतं, आणखी जोरात केलं असतं. पण त्या ओट्यावर जो शब्द भुगा होऊन पडला, तोच आज लेकीच्या दाखल्यासाठी पाहिजे होता. काय म्हणावं याला?

"एखादं भांडं राहिलं असेल, आये. तांब्या, वाटी, काही?"

आक्काबाईनं पहिल्यांदा हात थांबवला. मग पुन्हा घासायला लागली, जरा जास्तच जोरात.

"आये?"

"येक परात हुती," ती म्हणाली. "मोठी. लगनाचं पीठ मळायची. ती त्या चोरटीकडं हाय."

चोरटी म्हणजे रतनबाई साळवे. हे नाव महेंद्रला पाठ होतं, कारण आई पळसवंडीची कुठलीही गोष्ट सांगायला लागली की शेवटी गाडी तिथंच यायची. रतनबाई म्हणजे शेजारच्या दारातली, आईच्याच वयाची, आणि एकेकाळची जिवाभावाची मैत्रीण. छप्पनच्या आदल्या उन्हाळ्यात रतनबाईच्या दिराचं लग्न होतं, म्हणून तिनं परात मागून नेली. लग्न झालं, वऱ्हाड गेलं, पंधरवडा गेला, परात काही येईना. मग एक दिवस पाणवठ्यावर, रतनबाईच्या माहेरची माणसं उभी असताना, आक्काबाईनं सगळ्यांदेखत विचारलं, "दुसऱ्याच्या परातीत पीठ मळायला ग्वाड लागतंय व्हय गं, चोरटे?" रतनबाईनं डोक्यावरचा हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "आता तू माझ्या दारात यीऊन, सोताच्या तोंडानं मागशील, तवा दीन." आक्काबाई म्हणाली, "चोराकडं मागत्यात व्हय?" त्यानंतर ओहोळ भिंगारला आले, बन्सी गेला, पोरं मोठी झाली, आणि दोघींपैकी कोणी शब्द मागं घेतला नाही. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभही शाबूत होतं.

"आये," महेंद्र म्हणाला, "आपण उद्या पळसवंडीला जाऊ."

"तू जा."

"ती मला देणार नाही. तुझ्या तोंडानं मागायचं ठरलंय."

"मंग ऱ्हाऊ दे तिकडंच. म्या तिच्या दारात जानार न्हाई. मेल्यावर बी न्हाई."

महेंद्रनं पुष्कळ समजावलं. शुभांगीनं समजावलं. शेजारचे दोघं येऊन समजावून चहा पिऊन गेले. आक्काबाई भिंतीकडं तोंड करून बसली. शेवटी जयमाला उठून आजीजवळ गेली. ती समजावायला आली असेल असं आक्काबाईला वाटलं, आणि ती तयारच होती. पण जयमाला म्हणाली, "राहू दे आजी. तू नको जाऊस. मी नगरलाच बी.एस्सी. करते. ते पण चांगलंच आहे." आणि आजीच्या हाताला चिंचेनं भेगा पडल्या होत्या, त्यावर खोबरेल चोळायला बसली.

आक्काबाई त्या रात्री जेवली नाही.

सकाळी महेंद्र उठून बघतो तर आई दारात. ठेवणीतलं लुगडं, पायात चप्पल, हातात पिशवी.

"चल की," ती म्हणाली. "येष्टी काय तुज्या बापाची हाय, थांबायला?"

सुप्यापर्यंत एस.टी., पुढं जीप, त्यापुढं पायी. सुप्याला नवे कारखाने उभे राहत होते, पत्र्याच्या शेड्स उन्हात चमकत होत्या. महेंद्रनं दाखवलं तरी आक्काबाईनं तिकडं पाहिलं नाही. आता ही ऐन वेळी मागं फिरेल, या धास्तीनं महेंद्र तिची पिशवी स्वतःकडं घेऊन चालत होता, जणू पिशवीशिवाय ती परतणार नाही.

रतनबाई दारात तूर निवडत बसली होती. डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. दोन माणसं समोर येऊन उभी राहिली तसं तिनं सूप खाली ठेवलं.

"कोन हाय?"

"म्या."

"म्या म्हंजी कोन? नाव ठिवलं हुतं का न्हाई आईबापानं?"

"आक्का."

रतनबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग आत बघून म्हणाली, "सूनबाई, पानी आन गं. भिंगारचं पाव्हनं आलंत."

पाणी झालं. चहा झाला. आक्काबाईनं पावसाची चौकशी केली. रतनबाईनं आक्काबाईच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग वस्तीवरची चिंच तोडली का, कोण कोण गेलं, रतनबाईचा लेक सुप्याच्या कारखान्यात कुठल्या पाळीला जातो, सगळं झालं. महेंद्र निखाऱ्यावर बसल्यासारखा चुळबुळत होता. आत भिंतीवर कुठं परात दिसते का म्हणून मान लांब करकरून बघत होता. दिसत नव्हती. विकली असेल. मोडीत घातली असेल. चाळीस वर्षं कोण ठेवतंय?

शेवटी बोलायचं असं काही उरलंच नाही. आक्काबाई लुगड्याचा काठ बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"रतने," ती म्हणाली, "माजी परात दी."

रतनबाई सुपातल्या तुरीकडं बघत राहिली.

"माजी नात डाक्टर व्हनार हाय. त्या परातीवरची अक्षरं दावली तर तिला दाखला मिळंल. न्हाई तर पोरीची जागा जाईल. आज म्या सोताच्या तोंडानं मागायला आले. पदर पसरते, बाई."

आणि तिनं खरंच पदर पुढं केला, तशी रतनबाईनं पुढं होऊन तिचे दोन्ही हात धरले. "ए, पदर नगं. पदर पसरायचं कुटं ठरलं हुतं आपलं? नुसतं मागायचं ठरलं हुतं. मागितलंस, झालं."

ती उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आतून डब्यांचे, उतरंडीचे आवाज येत राहिले. महेंद्रनं आईकडं पाहिलं, आईनं जमिनीकडं.

रतनबाई आली ती डोक्यावर परात घेऊन, डुगडुगत. महेंद्रनं धावत जाऊन हात लावला. परात काठोकाठ बाजरीनं भरलेली होती.

"हे कशाला, मावशी?"

"रिकामी कशी दीऊ?" रतनबाईनं दम घेत विचारलं. "दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत न्हाईत, येवढं बी तुज्या आईनं शिकवलं न्हाई तुला?" मग ती आक्काबाईकडं वळली. "तवा बी त्याचसाटी थांबले हुते. दिराच्या लगनानं घर धुऊन निगालं, मूठभर दाना न्हवता. म्हनलं, सुगी झाली की भरून नीऊन देते माज्या आक्काची परात. तवर तू पानवठ्यावर बोललीस."

ज्या बाईच्या जिभेला भिंगारचा बाजार टरकायचा, ती बाई तोंड उघडून तशीच बसून राहिली. "मला सांगायचं हुतंस," ती अखेर म्हणाली.

"काय सांगू? घरात दाना न्हाई म्हनून सांगू? माज्या भावांसमोर?"

महेंद्रनं बाजरी पोत्यात ओतली, परात पालथी केली. बाहेरच्या काठाखाली ओळ होती. काळपट, पण टिंबन् टिंब जागेवर. बन्सी रामा ओहोळ याचे लग्नात, महारवाडा, मौजे पळसवंडी, सन १९४१. त्यानं ती दोनदा वाचली, मग मोठ्यानं वाचली. ज्या शब्दावर त्याच्या बापानं थुंकायचं ठरवलं होतं, तो शब्द बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"पण मावशी," त्यानं विचारलं, "दादांनी सगळ्या वस्तीची भांडी घासली. ही कशी राहिली?"

"माजी समदी नेली की म्या. पुढं हुऊन नेली, तुज्या बापाला म्हनलं, भावजी, दाबून घासा." रतनबाई हसली. "ही न्हाई नेली. दुसऱ्याच्या भांड्याला कानस लावायची म्हंजी मालकिनीला इचाराया नगं? अन् मालकीन तर माज्याशी बोलत न्हवती."

आक्काबाईनं डोळ्यांना पदर लावला. अंगणात बाजरीचे चार दाणे सांडले होते, ते ती एकेक करून वेचायला लागली, आणि रतनबाई तिच्याबरोबर वेचायला बसली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत नीलांबरीबाईंच्या टेबलावर एका बाजूला घागर आणि दुसऱ्या बाजूला परात ठेवली. रतनबाई साक्षीला आली होती, हिरवं लुगडं नेसून, लग्नाला आल्यासारखी. बाईंनी परातीच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"हे मला पुरेसं वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण उद्या माझ्यावरचे साहेब विचारतील, हे गेल्या आठवड्यात कोरलं नाही कशावरून?"

महेंद्रचं धाबं दणाणलं. हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. तो परातीकडं बघत राहिला, मग घागरीकडं. आणि मग त्यानं दोन्ही भांडी फिरवून ओळीसमोर ओळ आणली.

तोच हात होता. तोच 'ळ', पोटाला जरा जास्त फुगलेला, तोच चारचा आकडा, तेच वाक्य. घागरीवर फक्त एक जागा घासलेली. बाईंनी टेबलावरची पट्टी उचलली, घागरीवरचा तो खोलगट पट्टा मोजला, मग परातीवरचा शब्द मोजला. नीट जुळलं. घासलेल्या जागेत चाळीस वर्षांची चिंच आणि राख मुरलेली होती. ती काही गेल्या आठवड्यातली नव्हती.

"म्हणजे तुमच्या वडिलांनी पुसलं म्हणून हे सिद्ध होतंय," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

गेले दोन दिवस महेंद्रच्या मनाच्या कोपऱ्यात एक टोचणी होती, बापानं थोडं थांबायला हवं होतं की काय अशी. ती त्या टेबलापाशी गेली. एकीनं राखलं आणि एकानं पुसलं, आणि त्याच्या लेकीला दोन्ही लागलं. या दोघांचे उपकार कुठं फेडायचे, हे त्याला कळेना.

पंचनामा झाला. भांड्यांचे फोटो निघाले. रतनबाईनं अंगठा उठवला आणि वर बाईंना ऐकवलं, "नीट दाबलाय, पुसनार न्हाई." गृहचौकशीसाठी बाई स्वतः पळसवंडीला जाऊन आल्या, आणि महिना संपायच्या आत दाखला जयमालाच्या हातात पडला. महेंद्र पेढे घेऊन कचेरीत गेला, तर बाई म्हणाल्या, "माझं कामच होतं ते." महेंद्र म्हणाला, "काम सगळेच करतात, बाई. तुम्ही फाईल उघडी ठेवली होती." त्यांनी पेढा घेतला.

जयमाला कॉलेजात रुजू झाली. पहिल्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा परात घासूनपुसून फळीवर ठेवलेली होती. तिनं ती खाली घेतली, ओळ वाचली, आणि विचारलं, "आजी, आजोबांची कानस आहे ना अजून ट्रंकेत? आता दाखला मिळाला. आता हाही शब्द काढायचा का?"

आक्काबाईनं विचार केला. "तुजा आजा असता तर काडला असता," ती म्हणाली. "पर ही परात आता माज्या येकटीची न्हाई. जिची निम्मी हाय तिला इचारलं पायजे."

म्हणून रविवारी सगळे पळसवंडीला निघाले. आक्काबाईनं परातीत गहू भरले, वर गुळाची ढेप ठेवली, आणि त्यावर रतनबाईसाठी लुगडं. जीपमध्ये परात मांडीवरून खाली ठेवायला ती तयार होईना.

रतनबाईनं दारातच ओरडायला सुरुवात केली. "परत का आनलीस? तुजी तुला दिली की!"

"मला ठाऊक हाय माजी हाय म्हनून," आक्काबाई म्हणाली. "माज्या घरात असती तर कानशीखाली गेली असती, अन् ही पोरगी घरी बसली असती. तू चोरलीस म्हनून ऱ्हायली."

"म्या चोरली न्हाई!"

"न्हाई चोरलीस. ठिवलीस. जपलीस. म्या चाळीस वर्सं श्या दिल्या, अन् तू जपत बसलीस." आक्काबाईनं परात तिच्या हातात दिली, आणि हात काढून घेतले नाहीत. "रतने, तुजं लई उपकार हायेत माज्यावर."

शब्दाचं मग जयमालानं विचारलं. रतनबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पोरी. घासलेलं हाय तुज्या घरी, न घासलेलं हाय हितं. दोन्ही असू दे." आक्काबाईनं मान डोलावली, आणि त्या दोघींचं एकमत झालं हीच त्या दिवसातली मोठी बातमी होती.

निघताना रतनबाई वेशीपर्यंत आली. जीप सुरू झाली तशी आक्काबाईनं मान बाहेर काढली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुगी झाली की परात परत घिऊन ये भिंगारला! अन् उशीर केलास तर पानवठ्यावर यीऊन वरडंन!"

"येते गं," रतनबाई म्हणाली. "भरून आनते."